दार मी उघडतो

३ मार्च
आजपासून रोजनिशी. पुढे मुलाखती द्याव्या लागतील, तेव्हा तारखा हाताशी हव्यात.

आमच्या गोडाऊनमध्ये टीव्ही सीरियलचं शूटिंग आलंय. पोलिसांची सीरियल. हीरो सत्तेचाळिसाव्या वर्षी चांगली नोकरी सोडून पोलिसात भरती होतो. मी सत्तेचाळीस! इथे स्टोअरकीपर म्हणून अर्धं आयुष्य गेलं. दिग्दर्शकाने मला खोकी मोजताना पाहिलं, जवळ येऊन म्हणाला, काय झकास मिशी आहे हो तुमची, एक हवालदार कमी पडतोय, उभे राहाल का? मिशी हे निमित्त. चेहऱ्यातला अधिकार त्याने बरोबर हेरला.

५ मार्च
शॉट झाला! बंद दार. आत खुनी, त्याच्याकडे पिस्तूल. हीरो पुढे होतो, मी त्याला आडवा हात घालून म्हणतो, ‘साहेब, तुम्ही थांबा. दार मी उघडतो.’ कडीला हात. कट. अंगावर काटा आला. माझ्याच.

टेक बरेच झाले. मी कॅमेऱ्याकडे बघत होतो म्हणे. कॅमेरा सारखा माझ्याकडे बघत होता, त्याला कोणी काही बोललं नाही.

एक मुलगी सतत माझे फोटो काढत होती. समोरून, बाजूने, टोपीचा, बुटांचासुद्धा. प्रसिद्धी विभाग असणार. मी दर फोटोला थोडा हसलो. हसू नका म्हणाली.

दारातून मी आत शिरतो तो शॉट स्टुडिओत, पंधरवड्याने. आत काय होतं, कोणी सांगत नाही. दिग्दर्शक म्हणाला, बघू. म्हणजे भूमिका वाढतेय.

७ मार्च
मोठ्या साहेबांना राजीनामा दिला. हीरोनेही असाच दिला होता, पहिल्याच एपिसोडमध्ये. साहेबांनी विचारलं, घरी माहीत आहे का? म्हटलं, पूर्ण पाठिंबा आहे. (सांगितल्यावर असेलच.) साहेब म्हणाले, तूर्त रजेवर जा, दुसरा माणूस काम बघेल, महिनाअखेरपर्यंत विचार बदलला तर या, नंतर माझ्या हातात काही नाही.

हिला आजच सांगणार होतो. पण ती लेकीच्या कॉलेज प्रवेशाचं बोलत होती. अशा वेळी मध्ये बोलणं बरं दिसत नाही.

१० मार्च
रोज डबा घेऊन वेळेवर निघतो. बागेत बसून संवाद पक्का करतो. आज माळ्याने विचारलं, कुठलं दार? कलेची जाण नाही लोकांना.

संध्याकाळी घरी तालीम. लेक हीरो, खुनी म्हणून ही स्वयंपाकघरात. मी दार ढकलून आत झेपावलो. खुनी म्हणाला, आलाच आहात तर वरचा डबा काढून द्या. मग ही खळखळून हसली. किती दिवसांनी अशी हसली!  उद्या नक्की सांगतो.

१४ मार्च
सांगितलं नाही. घशात काहीतरी झालंय.

महत्त्वाचा शोध : टीव्हीवरचे सगळे इन्स्पेक्टर सफाचट असतात. मिशीवाला जन्मभर हवालदार. शिवाय त्या दिवशी हीरो खोकत होता. उद्या आडवा झाला तर? माणूस तयार हवा.

मिशी उतरवली. ही किंचाळली. लेक म्हणाली, बाबा, तुम्ही खूप घाबरल्यासारखे दिसता. ओठाला वारा लागतो, एवढंच.

२० मार्च
स्टुडिओ. फोटोवाली मुलगी मला बघून भिंतीला टेकली. हातात माझे ते सगळे फोटो. ती प्रसिद्धीची नव्हेच. तिचं काम वेगळंच. आधीच्या शॉटमध्ये माणूस जसा होता, तसाच पुढच्या शॉटमध्ये आहे की नाही, हे ती बघते. दाराबाहेर मिशीवाला हवालदार, दार उघडून आत येणारा बिनमिशीचा. सांगायला काय झालं होतं आधी!

नकली मिशी चिकटवली. अख्खं युनिट उभं.  ॲक्शन! दार ढकललं, ते अडकलं, खांदा दिला आणि आत गेलो. मिशी बाहेरच राहिली. दाराच्या कडेला.

कोणी हसलं नाही, तेच वाईट. दिग्दर्शक डोकं धरून बसला. मग म्हणाला, सोपं आहे, दाराआडूनच गोळी येते, हवालदार बाहेरच मरतो, आतला शॉट नको. मी विचारलं, मग मरायला केव्हा येऊ? म्हणे, यायची गरज नाही, नुसता आवाज टाकू.

एका अर्थी बरंच झालं. हुतात्म्याला प्रेक्षक विसरत नाहीत. फ्लॅशबॅकलाही बोलावतील.

२७ मार्च
गोडाऊनमधल्या नव्या माणसाने घरी फोन केला. मागच्या शटरची किल्ली कुठे आहे म्हणून. किल्ली माझ्या खिशात आणि फोन हिने घेतला.

 ताटं उचलल्यावर हिने विचारलं, रोज डबा कुठे खाता? म्हटलं, बागेत. खाली बसली. म्हणाली, आत्ताच्या आत्ता साहेबांकडे जा, अजून महिना संपलेला नाही, पोरीचं काय करायचं आपण?  मी समजावलं, एकतीसला एपिसोड लागतोय. तो लागू दे, फोनवर फोन येतील. ती म्हणाली, मला भीती वाटतेय हो. मलाही वाटतेय. पण हे इथेच लिहितो.

२९ मार्च
ही माझ्याशी बोलत नाही. लेक मध्ये निरोप्या. आईने विचारलंय, साहेबांकडे गेलात का? सांग तिला, परवा. आई म्हणते, परवा उशीर होईल. लेकीने मग स्वतःचं विचारलं, बाबा, नक्की होईल ना सगळं नीट? म्हटलं, बघच तू.

३१ मार्च
लागला.

मी पडद्यावर होतो! मिशी, टोपी, आडवा हात. तोंडही हललं. पण आवाज दुसऱ्याचा. भारदस्त, खर्जातला. माझं वाक्य कुणा दुसऱ्याकडून म्हणून घेतलं. मग गोळीचा आवाज आणि हीरोचे डबडबलेले डोळे. माझ्यासाठी रडला की त्याला धूर लागला, कळलं नाही.

लेकीने टाळ्या वाजवल्या. एकटीनेच. हिने टीव्ही बंद केला आणि फोन माझ्याजवळ आणून ठेवला. येऊ देत म्हणाली, फोनवर फोन.

एक आला. राँग नंबर.

१ एप्रिल
सकाळीच गोडाऊन. राजीनामा मागे घेतो म्हटलं. साहेबांना तारखेमुळे आधी गंमत वाटली. मग माझा चेहरा बघून त्यांनी खुर्ची पुढे केली. म्हणाले, काल दिवसभर वाट पाहिली हो तुमची, संध्याकाळी त्या माणसाला कायम केला.

 किल्ली टेबलावर ठेवली. साहेबांनी ती उचलून खणात टाकली. मग म्हणाले, गेटवर सिक्युरिटीची जागा आहे, राग मानू नका, युनिफॉर्म मिळेल. आणि मिशी वाढवा, गेटवर मिशी शोभते.

घरी सांगितलं.  सांगून टाकल्यावर घसा मोकळा झाला. आता रडू येतंय.

६ एप्रिल
युनिफॉर्म आला. खांद्यावर पट्टी, शिट्टी, खरी टोपी. सीरियलमधल्यापेक्षा कापड सरस. हिने इस्त्री केली, बटण सैल होतं तेही शिवून ठेवलं. सत्तेचाळिसाव्या वर्षी गणवेश. गोष्ट शेवटी माझ्याच बाबतीत खरी झाली, हीरो काय, नुसता नट.

९ एप्रिल
गेटवर पहिला दिवस. मिशी खुंटांच्या अवस्थेत. नवा स्टोअरकीपर आत जाताना नमस्कार करून गेला. मी दुसरीकडे बघत होतो.

मग मोठ्या साहेबांची गाडी. गेटची कडी अडकलेली. हॉर्न वाजला. ड्रायव्हर जागचा हलला नाही, साहेब स्वतःच उतरायला लागले.  पुढे झालो, आडवा हात घातला आणि म्हटलं, ‘साहेब, तुम्ही थांबा. दार मी उघडतो.’

एकाच टेकमध्ये. माझ्या स्वतःच्या आवाजात.

साहेब फोनवर होते. गाडी आत गेल्यावर काच खाली करून म्हणाले, गेट लगेच लावत जा, धूळ येते.

लावलं.