हे किती आत दिसतं?

आई, माझा तुझ्यावर राग आहे आणि इतक्या वर्षांनीही तो उतरलेला नाही, हे आधीच सांगून टाकते. काल आमच्या प्रयोगशाळेत पेढे वाटले. ज्या यंत्राखाली तू एकदा हात ठेवला होतास, त्याला आता पूर्वीपेक्षा बरंच खोलवर दिसतं. सगळे माझं अभिनंदन करत होते आणि मला तू आठवत होतीस, तेही चांगल्या मनानं नाही.

त्या दिवशी तू गुलाबाच्या पॉलिहाऊसमधलं काम टाकून परंदवडीहून पुण्याला आलीस. मी तुझ्या डोळ्यांवर रंगीत चष्मा चढवला, तुझा हात पाण्याच्या पातळ पिशवीखाली नीट धरला. लेसरचा प्रकाश रक्तावर पडतो, रक्त कणभर तापतं आणि बारीकसा आवाज करतं. तो टिपून आम्ही रक्तवाहिन्यांचं चित्र काढतो, असं मी मोठ्या तोऱ्यात समजावतेय. तू पडद्याकडे बघतेस. "आगं बया, रगत बोलतंय व्हय!" काट्यांनी ओरबाडलेल्या बोटांतलं जाळं लख्ख दिसतंय. मग तू हळूच विचारतेस, "पर हे किती आत दिसतं गं?" मी म्हणते, "मिलिमीटरभर. त्याच्या पुढं प्रकाश विस्कटतो." "एवढंच व्हय? मंग बरंय," म्हणून तू हसलीस. मला वाटलं, लेकीचं कौतुक वाटलं तुला.

छातीतली गाठ तुला तेव्हा ठाऊक होती. बाबांना ठाऊक होती, लोणावळ्याच्या मावशीला ठाऊक होती, शेजारच्या काकूंनासुद्धा. मावशीकडे जाते म्हणून तू दवाखान्यात जायचीस आणि येताना माझ्यासाठी चिक्की आणायचीस. आपल्याकडं कोण चिक्की विकत घेतं? ती फिरायला आलेल्या लोकांनी घ्यायची. तरी मला शंका आली नाही. हॉस्टेलवर बसून मी ती कडाकडा चावून खाल्ली. मला कळलं तेव्हा तू बोलण्याच्या पलीकडे गेली होतीस. नंतर मावशी म्हणाली, "समद्यांना शपथ घातलीवती तिनं. म्हनली, पोरीचं मशीन पुरं हू द्या, मंग सांगू." मशीन कधी पुरं होत असतं का, आई? सगळ्या घराला विश्वासात घेतलंस आणि मला तेवढं बाहेर ठेवलंस. माझ्याच यंत्रासमोर बसून, मला काही दिसणार नाही याची खात्री करून घेतलीस.

लोक म्हणतात, आईच्या आठवणीत हिनं आणखी खोलवर बघायचं हे काम धरलं. मी त्यांचं म्हणणं खोडत नाही. खरं म्हणजे चिडून धरलं होतं. बाबांना तर मी तोंडावर सुनावलं, की मला सांगितलं असतं तर सगळं टाकून तिच्यापाशी येऊन बसले असते. हे तुझ्यापर्यंत पोचणार नाही म्हणूनच लिहिते: आले असते की नाही, मला खरंच माहीत नाही. तू विचारूनच बघितलं नाहीस.