सोवळ्याचं पाणी

२१ जुलै १९५८
खाडीचं पाणी काल देवळापर्यंत चढलं, आज उतरलं. विहिरीत गोठ्याचं शेण, मेलेली कोंबडी — शी! आरोग्य खात्याचे इन्स्पेक्टर आले होते. "बाई, तुम्ही मॅट्रिक ना? औषधाचा डबा तुमच्याकडे ठेवा. वाचून तेवढंच विहिरीत टाका. तोवर पाणी उकळून प्या. नाहीतर पटकी येईल."

२२ जुलै
सासरे, अप्पा, देवळाचे मानकरी. म्हणाले, देवाच्या विहिरीत औषध, तर आधी देवाला विचारायचं. रवळनाथाला कौल लावला. मूर्तीला चिकटवलेला फुलाचा कळा डाव्या बाजूने पडला — देवाचा नकार. डबा अप्पांच्या पेटीत गेला. उकळायचंही नाही! अप्पा ओरडले, "देवाचा पाणी चुलीर ठेवतास?"

२४ जुलै
पहाटे, कोणी उठायच्या आत, एक कळशी उकळते. निवली की देवघरात झाकून ठेवते. सांगून टाकलं, माझं सोवळ्याचं पाणी, शिवायचं नाही. कोणी शिवत नाही! माझ्या नीरजाला गुपचूप तेच पाजते. लाकडं ओली, एका पोरीपुरतंच जमतं. रवळनाथा, क्षमा कर.

२७ जुलै
खालच्या वाडीत दोघं गेली. जुलाब, ओकाऱ्या.

२८ जुलै
धाकट्या जावेचा, जानकीचा, बाळा तहानेलेला आला. देवघराच्या उंबऱ्यातून कळशीकडे बोट दाखवीत राहिला. जानकी म्हणाली, "वयनी, घोटभर दिया. विहिरीचा वास मारता."
"सोवळ्याचं आहे गं. विटाळ होईल."
सासूबाई तिला म्हणाल्या, "मॅट्रिक झाली तरी सोवळा बघ तिचा! शिक काय तरी."
जानकीने त्याला विहिरीचं पाजलं. मी बघत होते.

३० जुलै
बाळा गेला. सकाळी सुरू झालं, दिवेलागणीला संपलं. दोन वर्षांचा.

१ ऑगस्ट
अप्पा सगळ्यांसमोर — "थोरलीचा सोवळा कडक, म्हणान देवान तिच्या चेडवाक, नीरजाक, राखल्यान. जानकी, तुझाच काय तरी चुकला."
जानकी पदर तोंडात धरून बसली होती. मी उठून देवघरातल्या कळशीवरचं झाकण सारखं केलं.

२ ऑगस्ट
पूजा आटोपून ओटीवर आले. नीरजा जानकीच्या मांडीवर, हातात रिकामा पेला. जानकी पदराने तिचं तोंड पुसत होती.
"आज पहाटे चुलीर तुमची कळशी बगलंय, वयनी. हिका विहिरीचा पाजलंय."