फळीवरची कोरी जागा

सालमिया, कुवेत, गुरुवार संध्याकाळ, नोव्हेंबर १९९७

चहाला पुन्हा तोच वाद. आमच्या शाळेच्या फुटबॉल संघाला राजघराणं म्हणायचं का? स्मरणिकेतला लेख मला लिहायचा आहे आणि भांडतात हे!

देशपांडेकाका म्हणाले, "सलग पाच चषक हवेत. तुमचे दोन युद्धाआधीचे, तीन नंतरचे. मध्ये तुटलं की!"

बाबा उसळले, "अहो, हरलो कुठे? स्पर्धाच झाली नाही!"

दादाने स्वतःचा कप पुन्हा भरून घेतला. त्या वर्षी तो कप्तान होणार होता. त्याऐवजी युद्ध आलं आणि भारताचं विमान गाठायला आम्ही सगळे बसने अम्मानला निघालो.

शाळेतल्या विजेत्यांच्या नावांच्या लाकडी फळीवर त्या वर्षापुढे कोरी जागा आहे. 'सलग' लिहिलं तर खोटं होईल का? न पाहिलेलं लिहू नये, हे आईनेच शिकवलं. पण त्या कोऱ्या जागेकडे पाहिलं की मला वाळूचं मैदान दिसतं, समुद्राचा वारा, आणि नाणेफेकीला उभा असलेला दादा. हे पाहिलेलं धरायचं?

शेवटी त्यालाच विचारलं.

"लिही, त्या वर्षी अख्खा संघ प्रवासात होता. गोलकीपर मागच्या बसमध्ये."

तसंच लिहिलं. 'सलग' खोडलं नाही.