कच्ची मोहरी

प्रिय आई,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू आधी घाबरशील आणि मग बाबांना हाक मारशील. मारू नकोस. ते पेपर घेऊन गॅलरीत बसले की वाच. फोन का केला नाही म्हणशील, तर तू फोन कायम स्पीकरवर ठेवतेस. आणि लहानपणी तूच सांगायचीस ना, तक्रार असेल तर कागदावर लिहून दे, तोंडी घेणार नाही. तर ही लेखी. कुणाची तक्रार आहे ते मला स्वतःला कळायला आठवडा लागला.

सुरुवातीला डिशवॉशरची होती. तू रविवारी संध्याकाळी ठाण्याला परत गेलीस आणि सोमवारी मशीन उघडलं तर ग्लास जसे ठेवलेले तसेच. कपांच्या तळाशी चहाचं तपकिरी वर्तुळ. ताटांवर वरणाचा पिवळा पापुद्रा, तोही आतल्या वाफेने भाजून पक्का झालेला. दीड तास मशीन घूं घूं करत होतं, साबणाची वडी विरघळलेली, आतून सगळं गरम, पण भांड्यांवर पाणी असं पडलेलंच नाही. सुश्रुत म्हणाला, तू भांडी चुकीची लावतेस. मी म्हटलं, तू लाव. त्याने कुकर तिरका, पातेली पालथी, मधे बोटभर जागा सोडून अशी लावली जशी काय प्रदर्शनात मांडायचीयेत. मंगळवारी सकाळी तेच. मग त्याने माझी चूक काढणं सोडलं आणि मला जरा बरं वाटलं.

तुला माहितीये मी घरीच होते. डॉक्टरांनी पंधरा दिवस सांगितलेले. दुसऱ्यांदाही बाळ राहिलं नाही, हे वाक्य मी अजून कुणाला तोंडाने सांगितलेलं नाही. तुलाही नाही, तुला सुश्रुतने कळवलं आणि तू बॅग घेऊन दारात उभी राहिलीस. आठ दिवस होतीस आणि त्या विषयावर एक शब्द काढला नाहीस. मला ते आवडलं होतं तेव्हा. पण तू गेल्यावर घर एकदम मोठं झालं आणि माझ्याकडे भरपूर वेळ आणि कुणावर तरी संशय घ्यायची भयंकर इच्छा. माझ्या शरीराने असं का केलं ते कुणी सांगत नव्हतं. रिपोर्ट नॉर्मल, सगळं नॉर्मल. म्हटलं, निदान या मशीनचं तरी का ते मी शोधणार.

तर मी शोधलं. आधी सोसायटीवर संशय. टाकीचं पाणी कमी दाबाने सोडतायत म्हणून सेक्रेटरीला मेसेज टाकला, त्याने बाथरूमच्या शॉवरचा व्हिडिओ मागवला. शॉवर धो धो. मग मशीनमागचा नळ कुणी अर्धा बंद केलाय का बघितलं. पूर्ण उघडा. पाइप दुमडलाय का, नाही. पाइपच्या तोंडाशी बारीक जाळी असते, तीही स्वच्छ. मग मधेच दार उघडून आत बघितलं. भांड्यांवर पाणी मारायला आत वर आणि खाली दोन पंखे असतात, त्यांना भोकं असतात, त्यातून पाणी उडतं आणि त्या जोरानेच ते फिरतात. पंख्याचं तोंड दाराकडे करून ठेवलं, मशीन चालू केलं, पाच मिनिटांनी बंद करून उघडलं. पंखा तसाच दाराकडे तोंड करून. हलला नव्हता. आई, मी किचनच्या फरशीवर बसून त्या पंख्याकडे बघत होते आणि मला खरंच वाटलं की हा मुद्दाम करतोय.

बुधवारी कंपनीचा माणूस आला. मितेश नाव, उल्हासनगरचा, माझ्यापेक्षा लहान असेल. त्याने पहिल्यांदा तळाची गाळणी हलवली आणि ती त्याच्या हातात आली. म्हणाला, मॅडम, ही लॉक नव्हती, कट्ट आवाज येईपर्यंत फिरवायची असते, नाहीतर कचरा तिच्या बाजूने निघून थेट पंख्यात चढतो. गाळणीखाली त्याला लाल मिरचीचं एक देठ सापडलं. मग त्याने दोन्ही पंखे काढले, बेसिनमधे आपटले आणि एकेका भोकातून टूथपिकने दाणे काढायला लागला. मोहरी. भोकाभोकात मोहरी, बरोबर मापाची, जशी काय त्यासाठीच बनवलीये. मी म्हटलं, फोडणीची असणार. तो म्हणाला, फोडणीतली काळी पडते, फुटते, तेलकट असते. ही बघा, भिजून फुगलीये पण अख्खी आहे. ही कच्ची आहे, ही ताटातून आलेली नाही. आणि टूथपिक माझ्याकडे असं धरलं जसं काय मीच पुरावा मागितला होता.

तो गेला, मशीन सुरू झालं, पाणी आतून दारावर सर्र सर्र आपटायला लागलं. मला आनंद व्हायला हवा होता. पण मी बशीत ते दाणे घेऊन बसले. कच्ची मोहरी मशीनमधे आपोआप जात नाही. कुणीतरी टाकली. आणि आमच्या किचनमधे मी, सुश्रुत, तू आणि सरोज सोडून कोण येतं?

मी तुझं नाव एका सेकंदासाठीही घेतलं नाही. हे तुला कळावं म्हणून सांगतेय.

सरोजवर सगळं नीट बसत होतं. दिवाळीत मशीन आलं आणि तिचं भांड्यांचं काम गेलं, केर-फरशी आणि कपडे वाळत घालणं तेवढं राहिलं. मशीनला ती तुमची नवी बाई म्हणायची. नवी बाई चहा घेते का, नव्या बाईला गावाला जायला सुट्टी देता का, असं कायम. सोमवारी खरकटे कप बघून म्हणाली, काय ताई, नव्या बाईने पण दांडी मारली का. तेव्हा मी हसलेले. बुधवारी रात्रभर तेच वाक्य उलटसुलट करत होते. आई, संशयाला काय लागतं गं? फक्त एक जोक पुरतो.

गुरुवारी ती आली तेव्हा मी बशी पुढे केली. विचारलं, ही तू टाकलीस का. तिने दाण्यांकडे बघितलं, माझ्याकडे नाही. म्हणाली, ताई, मी नाय टाकली. मी म्हटलं, मग कोणी टाकली. तर म्हणाली, ते मला नका विचारू. बस. शपथ घेतली नाही, रडली नाही, चिडली नाही. म्हणजे तिला माहीत होतं. मला तेवढंच ऐकू आलं, की तिला माहितीये आणि ती लपवतेय. मी म्हटलं, उद्यापासून येऊ नकोस. तिने कोपऱ्यातला झाडू उचलून नीट उभा केला, चपला घातल्या आणि गेली.

इथपर्यंत मी तुला फोनवर सांगितलेलं. पुढचं नाही सांगितलं, कारण मला लाज वाटते. आमच्या गेटवर अ‍ॅप आहे, त्यात प्रत्येक कामवालीचं नाव, फोटो आणि आपण द्यायचे स्टार. मी आमच्या घरातून तिचं नाव काढलं, एक स्टार दिला आणि खाली लिहिलं, विश्वास ठेवू नये. ते सगळ्या बिल्डिंगला दिसतं. शुक्रवारी सातव्या मजल्यावरच्या संचिताने माझ्याकडून कच्च्या मोहरीचं ऐकून तिला बंद केलं, संध्याकाळी बाराव्यावाल्यांनी. सरोजची आमच्याकडे तीन घरं होती. माझ्या तीन शब्दांनी तिन्ही गेली.

आता तू गुरुवारचा फोन आठव. मी म्हटलं, सरोजने मशीनमधे मोहरी घातली, मी तिला काढलं. तू म्हणालीस, काढायची काय गरज होती, आणि लगेच सुश्रुत डबा नेतो का विचारलंस. मागून बाबा म्हणाले, कसली मोहरी, काय झालं. तू त्यांना म्हणालीस, काही नाही, मशीन बिघडलंय.

शनिवारी मी दहीभाताला फोडणी करत होते. आपल्या डब्यातली मोहरी चिमटीत घेतली आणि हात तिथेच थांबला. आमची मोहरी मोठी आहे, काळी. बशीतली बारीक, लालसर. तू मोठ्या मोहरीला नावं ठेवतेस, तिला वास नसतो म्हणतेस, आणि वर्तकनगरच्या त्या कोपऱ्यावरच्या दुकानातली बारीक लाल मोहरी औषधाच्या जुन्या बाटलीत घालून कुठेही जाताना पर्समधे नेतेस. मी चहाच्या डब्यामागे हात घातला. बाटली होती. विसरून गेलेलीस. अर्ध्याहून कमी भरलेली.

तरी मी विश्वास ठेवला नाही. खरं सांगते, मी अजून पर्याय शोधत होते. सुश्रुतला विचारलं, त्या रविवारी तू भाजी घेऊन आलास तेव्हा आई काय करत होती. म्हणाला, मी आत आलो तेव्हा आई डिशवॉशरचं दार लावत होत्या, घाबरल्यासारख्या दिसल्या, डोळे लाल होते, मला वाटलं रडल्यात म्हणून मी काही विचारलं नाही. मग मला ते दुसरं आठवलं. त्या दुपारी मी झोपलेले. झोपेत वाटलेलं की कुणीतरी अंगावरून हात फिरवतंय, अंगाला न लावता, डोक्यापासून पायापर्यंत, पुन्हा पुन्हा. काहीतरी पुटपुटणं. बांगड्यांचा आवाज नव्हता, तू त्या वर कोपराकडे सरकवल्या असणार. मला वाटलं स्वप्न आहे. डोळे उघडावेसे वाटले नाहीत, इतकं बरं वाटत होतं.

मीठ, मोहरी, मिरच्या. तू माझी दृष्ट काढलीस.

तू, जिने एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. जिने शेजारच्यांना लिंबू-मिरची दारावरून काढायला लावली. दहावीच्या निकालाला आत्या माझी दृष्ट काढायला आली, तर तू तिच्या मुठीतलं मीठ घेऊन सरळ आमटीत घातलंस आणि म्हणालीस, वाया कशाला घालवायचं. बाबा ती गोष्ट अजून सगळ्यांना सांगतात, आणि तूही तेव्हा मान ताठ करून बसतेस. तर तीच तू मूठ घेऊन किचनमधे आलीस, गॅस पेटवणार, तेवढ्यात दारात किल्ली फिरली. समोर मशीन उघडं. सकाळी तूच गाळणी धुऊन परत बसवलेलीस, कट्ट आवाज न होता. मूठ आत रिकामी केलीस, मशीनचं दार लावलंस. मीठ विरघळलं, मिरच्या मी सोमवारी भांड्यांबरोबरचा कचरा समजून टाकल्या असतील. मोहरी पंख्यात चढली. बरोबर ना? मी विज्ञानाच्या बाईंची मुलगी आहे, टप्प्याटप्प्याने जायला तूच शिकवलंस.

रविवारी मी शहाडला सरोजकडे गेले. तिने मला आत घेतलं, खुर्चीवरचे कपडे उचलून जागा केली आणि पहिलं काय विचारलं असेल तर, ताई, आता चक्कर येते का. मी सांगितलं, मला कळलं कोणी टाकली. माफी मागितली. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते, मला सगळं दिसत होतं. मॅडम रडत होत्या. माझा हात धरला आणि म्हणाल्या, मृणालला सांगू नकोस, कुणालाच सांगू नकोस. मी हो म्हटलं. मी म्हटलं, अगं पण एवढं झाल्यावर तरी बोलायचंस. तर म्हणाली, शब्द तुम्हाला दिला असता तर तुम्ही सोडवला असता. ज्यांना दिला त्यांनी सोडवायचा. तोवर तुमच्या बिल्डिंगमधे पाय नाय ठेवणार.

मी तो स्टार काढलाय. बिल्डिंगच्या ग्रुपवर लिहिलंय की गाळणी आमच्याकडूनच सैल राहिली, सरोजचा काही संबंध नाही. संचिताने अंगठा टाकला आणि विचारलं, मग कच्ची मोहरी आली कुठून. त्याचं उत्तर माझ्याकडे आहे, पण ते द्यायचा हक्क मला नाही.

मला राग तू दृष्ट काढलीस याचा नाही. तो कसा येईल. आठ दिवस गप्प राहून तुला एवढंच करता आलं, तेही मी झोपल्यावर. माझा राग गुरुवारच्या फोनचा आहे. तुझी मान ताठ राहावी म्हणून एक बाई तीन घरांना मुकली, आणि तू डब्याचं विचारलंस.

म्हणून हे पत्र, आणि म्हणून पाकीट जरा खडबडीत लागलं असेल. आत कागदाच्या पुडीत तीच मोहरी आहे, मितेशने काढलेली, मी उन्हात वाळवलेली. फोनवरून ती पाठवता आली नसती. ती आगीत पडलीच नाही आई, माझी दृष्ट अर्धी राहिलीये. बाबा घरात असताना, त्यांच्यासमोर, ती तव्यावर टाक. ते विचारतील हे काय, तेव्हा सांग काय ते. आणि शनिवारी अकरा वाजता शहाड स्टेशनच्या तिकीट खिडकीपाशी ये, मी तिथे असेन. सरोजच्या घरापर्यंत चालत सात मिनिटं लागतात. तू नाही आलीस तरी मी जाईन आणि बाकी कुणापुढे तुझं नाव घेणार नाही, तेवढं मीही लपवू शकते. पण ये. बाटली मी परत देत नाही, ती आता इथेच राहील.

तुझीच, आता जागी असलेली,
मृणाल