केनवडला बर्फ पडतो

७ डिसेंबर

ही वही दिवाळीत घेतली. लिहायचं आज-उद्या करत महिना गेला. आळस नव्हता. आधी पेन बरोबर चालत नव्हता, मग पेन मिळाला तर मूड नव्हता. आज फोन चार्जिंगला लावलाय, म्हणून बसलो.

आधी परिस्थिती. आमचा तांडा हायवेवरच्या धनजपासून आत. दिवाळी झाली की अख्खा तांडा गाड्या भरून ऊसतोडीला जातो, तसा गेला. आई-बाबाही गेले. मागे राहिली समोरची चंपाबाई, कारण तिचे गुडघे. बाकी घराघरांना कुलपं. आणि मी. मी, नवीन, स्वतःच्या मनाने राहिलो. म्हणजे गोविंदसिंगमामांनी अट घातली, आणि ती मी मनाने मान्य केली.

मामा म्हणजे रंजीताचे वडील. आधी मी त्यांना सवयीने मामा म्हणायचो, आता हेतूने म्हणतो. आमच्या लग्नाचा विषय रंजीतानेच काढला त्यांच्याकडे, धीट आहे. ते म्हणाले, पोट्टा वाईट नाई, पण टिकत नाई. सुरतेले साड्यांच्या घड्या घालाले गेला, सोडलं. हैद्राबादले फरशी बसवाले गेला, सोडलं. नगरच्या हाटेलातून तं पगार न घेताच पळाला. आमी ऊस तोडून येतो तवरक हा एका जागी राहून दाखवू दे. आमची बकरी सांभाळू दे. वापस आल्यावर बकरीबी दिसली आन् हाबी दिसला, तं पुढचं बोलू.

एवढंच. चार पायांची एक बकरी. लोकांना परीक्षेत गणित येतं, मला बकरी आली.

उद्यापासून पाचला उठणार, धनजपर्यंत पळणार, बकरीचं स्वतः पाहणार, इंग्रजी बोलायला शिकणार. ट्रकच्या गेमच्या दिवसाला दोनच फेऱ्या. हे फायनल.

८ डिसेंबर

नऊला उठलो. थंडीत पाचला पळणं छातीला वाईट असतं, एका व्हिडिओत ऐकलंय. तोवर चंपाबाईने काबरीला (बकरीचं नाव) बाहेर काढून चारा टाकला होता. म्हणाली, ती भुकेनं बोंबलून राह्यली होती आन् तू घोरून राह्यला होता, मले समजेना कोणाले चारा टाकू.

जुनी बाई आहे. मनावर घेतलं नाही.

फेऱ्या सहा. दोन आजच्या, बाकी ॲडव्हान्स.

११ डिसेंबर

गेमबद्दल लिहून ठेवतो, कारण चंपाबाईचा गैरसमज आहे की मी टाइमपास करतो.

मोठा ट्रक आहे, लाल. आपण माल भरायचा, घाट चढायचा, पलीकडच्या शहरात उतरवायचा. शहरांची नावं कुठल्या तरी बाहेरच्या भाषेत आहेत, वाचता येत नाहीत. म्हणून खालच्याला मी आपल्या इकडचं कारंजा म्हणतो आणि वरच्याला केनवड. केनवडला बर्फ पडतो. वायपर सुरू झाले की डोकं एकदम शांत होतं. बाहेर बर्फ, आत मी आणि इंजिनाचा आवाज. कधी येशील, कधी जाशील, कोणी विचारत नाही. घाटाच्या मधोमध एक पेट्रोल पंप आहे, तिथला माणूस दर वेळी हात करतो. मीही करतो. म्हणजे मोबाईलसमोर.

मुख्य मुद्दा: मी तांडा सोडत नाही. बसल्या जागी फिरतो. मामांची अट अशी पाळणारा दुसरा कोणी दाखवा.

राजपालचा (माझा दोस्त, सुरतेत असतो) फोन होता. त्याच्याकडे हाच गेम आहे. म्हणाला, अबे, त्या गेमात वीस शहरं हायेत, तू त्याच एका घाटात काहून मरून राह्यला? मी म्हटलं, त्या घाटाचं मला एकेक वळण माहीत आहे. तो म्हणाला, म्हणून तं विचारलं. त्याला समजत नाही.

१७ डिसेंबर

आमच्या घरातली लाईट बंद पडली. वायर उंदराने खाल्ली असावी. दुरुस्त करणं सोपं आहे, करीन.

तोपर्यंत चार्जिंग मामांच्या घरी. किल्ली माझ्याकडेच असते, कोपऱ्यात काबरीची पेंड ठेवलीय ती काढायला. प्लग नेमका गव्हाच्या पोत्यांच्या वर आणि माझी केबल वीतभर. म्हणून पोत्यावर बसूनच खेळावं लागतं. एका पोत्यावर बसायचं, दुसऱ्याला टेकायचं. ट्रकच्या सीटपेक्षा भारी.

चंपाबाई दारात येऊन म्हणाली, अजून हळद लागली नाई आन् घरजावई होऊन बसला का रे? हसलो. आतून बरं वाटलं.

२१ डिसेंबर

रंजीताचा फोन. ती तिकडे आईबरोबर मोळ्या बांधते, फोन संध्याकाळीच करता येतो. काबरी तिची आहे, आई मेलेल्या पिल्लाला तिने बाटलीने दूध पाजून वाढवलं. आता पहिल्यांदा गाभण आहे. म्हणाली, व्हिडिओवर दाखव तिले. त्या वेळी काबरी कुठे होती हे मला नक्की सांगता आलं नसतं. म्हणून नेटवर्क नाही म्हटलं आणि फोनमधला एक चांगला फोटो पाठवला.

पाच मिनिटांनी तिचा परत फोन. नवीन, हिच्या गळ्यात लाल दोरी कशी? ती तं मी येतांना सोडून सोबत आणली, माह्या हातात हाय आत्ता.

मी म्हटलं, तशीच दुसरी आणली. ती म्हणाली, हाव का.  ती एवढंच बोलली की मला घाटात समोरून गाडी आल्यासारखं होतं.

काबरी चंपाबाईच्या चुलीमागे झोपलेली सापडली.

२२ डिसेंबर

धनजला जाऊन लाल दोरी आणली. आता ते खोटं राहिलं नाही.

२७ डिसेंबर

खरं लिहायचं तर जीव घुसमटतो. सकाळी उठलं की कुलपं दिसतात. तांड्यातली कुत्रीसुद्धा हायवेच्या ढाब्यावर राहायला गेली. ती जाऊ शकतात. एक चंपाबाई खोकते, एक काबरी रवंथ करते, आणि दोघी माझ्याकडे पाहतात. नगरच्या हॉटेलात निदान मालक झोपायचा तरी.

आज अकराच्या सुमारास पाय आपोआप रोडवर गेले. एसटी आली, बसलो. कुठे जायचं ठरवलं नव्हतं. कंडक्टरने विचारलं, कुठलं? तोंडातून कारंजा निघालं.

स्टँडवर सुरतेच्या ट्रॅव्हल्सचा एजंट ओरडत होता. सीट होती. मी बाकावर बसून एक फेरी मारतो आणि मग ठरवतो म्हटलं. घाट चढलो, पंपवाल्याने हात केला, केनवडला माल उतरवला. बरं वाटलं. परत कारंजाला आलो. मग परत केनवड. डोकं वर केलं तर ट्रॅव्हल्स गेलेली आणि फोनमध्ये तीन टक्के. चार्जर मामांच्या घरी. शेवटच्या गाडीने वापस.

पळून चाललो होतो असं कोणी म्हणू नये. मन किती पक्कं आहे याची टेस्ट घेतली. पास.

चंपाबाईने भाकर झाकून ठेवली होती. कुठं गेलता विचारलं नाही. विचारायला पाहिजे होतं तिने.

३ जानेवारी

नवीन वर्ष, नवीन नवीन. गेम डिलीट केला. कायमचा. वाटलं होतं त्यापेक्षा सोपं गेलं. काबरीला चरायला नेलं, तिच्या पोटावर हात ठेवला तर आत पिल्लू हललं. रंजीताला सांगितलं. ती एवढी हसली की मामा मागून विचारत होते, काय झालं वं?

एकदम हलकं वाटतंय. माणूस ठरवलं तर काहीही करू शकतो.

३ जानेवारी, रात्र

परत टाकला. फक्त पाहायला, की सगळं पुसलं जातं का. पुसलं जातं. लाल ट्रक गेला. आता छोटा टेम्पो, घाटात दम टाकतो. एवढ्या वर्षांची मेहनत. मोठा ट्रक परत मिळेपर्यंतच खेळणार, मग बंद. अर्धवट सोडायची सवय वाईट, मामांचंच म्हणणं आहे.

९ जानेवारी

पाच मिनिटं उसंत मिळाली म्हणून लिहितो, म्हणजे पुढे कोणी उलटसुलट बोलायला नको.

सकाळी लाल ट्रक परत मिळाला. मागे लांब ट्रेलर. पहिलाच माल केनवडला उलटा घेऊन गोदामात लावायचा होता. ट्रेलर उलटा घेणं काय असतं ते घेणाऱ्यालाच माहीत, मधे नजर काढली की गाडी आडवी होते. मी पोत्यावर होतो. कशाचा तरी कुडुम-कुडुम आवाज येत होता. मला वाटलं गेममधलाच, नवीन अपडेट आलं असेल.

चंपाबाई दारातून किंचाळली तेव्हा वर पाहिलं. काबरी माझ्या पाठीमागे उभी. मी ज्याला टेकायचो ते पोतं तिने फाडलं होतं आणि अर्ध्या हाताच्या अंतरावर उभी राहून गहू खात होती. किती वेळ, देव जाणे. बकरीने एवढा सुका गहू खाल्ला की तो पोटात फुगतो, हे चंपाबाईने छाती पिटत सांगितलं. दुपारपर्यंत काबरीचं पोट डावीकडून ढोलासारखं झालं. खाली बसली, उठेना, दात करकर चावायला लागली.

जनावरांचे डॉक्टर बाहेरगावी. फोनवर म्हणाले, गोडं तेल पाजा, पाणी देऊ नका, अन् काही झालं तरी तिला बसू देऊ नका, चालवत राहा. चंपाबाईने तिचा जबडा धरला, मी तेल ओतलं. अर्धं माझ्या शर्टावर. मग चंपाबाई म्हणाली, माह्यानं चालणं होत नाई. तू ने. आन् तिले बसू देशील तं मी तुले उठू देनार नाई.

देवळापर्यंत नेली, परत आणली. देवळापर्यंत, परत. ती पाय टाकायला तयार नव्हती, तर मी मागून उचलून टाकले. तिच्याशी बोलत होतो. काय बोललो ते इथे लिहीत नाही. फोन कुठे पडलाय ते संध्याकाळपर्यंत आठवलंही नाही.

१० जानेवारी

पहाटे काबरीने मोठा ढेकर दिला. एवढा चांगला आवाज मी आयुष्यात ऐकला नाही. पोट उतरलं. पिल्लू हलतंय. चंपाबाईने मला चहा दिला आणि दुसरीकडे तोंड करून म्हणाली, चालला बाकी पोट्टा.

झोपून उठल्यावर नीट विचार केला. बकरी वाचवली कोणी? मी. रात्रभर चाललं कोण? मी. मामांना अजून काय पुरावा पाहिजे?

११ जानेवारी

रंजीताला सांगितलं. म्हणजे काबरीला थोडा गॅस झाला होता, मी मेहनत घेतली, आता ठणठणीत. ती म्हणाली, कायनं झाला गॅस? म्हटलं, गहू खाल्ला थोडा. ती म्हणाली, गहू तं आत असते. दार कोणं उघडं ठेवलं? म्हटलं, वाऱ्याने. ती म्हणाली, आन् तू कुठं होता?

मी म्हटलं, तिथेच.

हे शंभर टक्के खरं आहे.  ती म्हणाली, नवीन, तू दूर असता तं मी समजून घेतलं असतं. फोन ठेवला.

याचा अर्थ रात्री बराच विचार करून लावला. आपण जवळ होतो म्हणून बकरी वाचली, असंच ती म्हणत असणार. भावना झाल्या की ती असं तुटक बोलते.

१३ जानेवारी

मोठी बातमी. मामांचा फोन आला, पण माझ्या फोनवर नाही, चंपाबाईच्या. मी ओट्यावरून ऐकलं. परवा तिकडून माणूस पाठवतो म्हणाले.

माणूस! आपल्यात मुलीकडून माणूस येतो तो कशाला येतो? सगाईचं बोलायला येतो. बकरी वाचवल्याची बातमी पोचली. ऊस संपायची वाटही पाहवली नाही मामांना. चंपाबाईला विचारलं, कोण येऊन राह्यलं? ती म्हणाली, येईल तवा दिसंल, आणि मला एक तिळाचा लाडू दिला. लाडू दिला म्हणजे गोड बातमी आहे.

तयारी. मामांचं घर झाडलं, गहू वेचून नवीन पोत्यात भरला. काबरीला आंघोळ घालायची होती, चंपाबाईने घालू दिली नाही, थंडीत मारतो का तिले. मग मीच केली. गेम उघडला नाही. माणसासमोर डोळे लाल दिसायला नको.

१५ जानेवारी

दाढी केली. इस्त्रीचा शर्ट. काय बोलायचं ते तीनदा म्हणून पाहिलं: मी आता कुठे जाणार नाही, तुम्ही म्हणाल तिथे राहीन. म्हणताना विचित्र वाटलं. खोटं वाटत नव्हतं म्हणून.

रोडकडून ऑटोचा आवाज येतोय. काबरीला घेऊन ओट्यावर बसलोय, ती आणि मी एका फ्रेममध्ये दिसू असा. वही मांडीवर आहे, माणूस लिहिता-वाचता आहे हेही दिसावं.

ऑटो थांबला. एकच सवारी.

धुरपताबाई आहे. मामांची आई. ती तिकडे लेकरं सांभाळायला गेली होती. एवढ्या वयात दोन गाड्या बदलून एकटी आली. डोक्यावर गोधड्यांचं बोचकं, हातात पिठाचा मोठा डबा, काखेत चुलीवरचा तवा. राहायला आलेल्या माणसाचं सामान. मी पुढे होऊन पाया पडलो. ती काबरीकडे गेली. पोट चाचपलं, कान उलटे करून पाहिले, तोंडाचा वास घेतला. मग माझ्या डोक्यावरून हात फिरवला, अगदी मायेने, आणि म्हणाली, गोविंदनं पाठवलं मले. पोट्टी दोन दिस जेवली नाई. आता बकरी मी पाहीन. तुले बांधून घातल्यासारखं झालं होतं ना बापा? जाय आता. मोकळा झाला तू.

मी म्हटलं, आजी, मी थांबतो ना. ती म्हणाली, कायले? मग ती चूल पेटवायला आत गेली.

ऑटोवाला अजून उभा आहे. विचारून राह्यला, रिकामाच जाऊ का वापस, का कोनी हाय?