दही-साखर

रीम आयलंड, अबू धाबी
१४ एप्रिल २०२५

प्रिय कुंदा,

शेजारच्या आशाताई उद्या सकाळच्या विमानाने तिकडे येताहेत. माझ्या औषधांची रिकामी पिशवी त्यांच्याबरोबर देते आहे, त्यात हे पत्र. पिशवी नेहमीसारखी भरून पाठव, पण पत्र आधी वाच. परवा तुझ्या हातात पडेल. फोन मुद्दाम केला नाही. या घरात फोन स्पीकरवर असतात आणि भिंती बिस्किटासारख्या पातळ.

तुझा गुडघा कसा आहे? जिना चढू नकोस, दवाखाना खाली आण असं मी पाच वर्षं सांगते आहे. माझं बरं आहे. सकाळी खाडीच्या कडेने फिरते. आता उकाडा सुरू झाला, म्हणून सात वाजताच परत येते. पलीकडे खारफुटी दिसते, त्यात कधीकधी बगळे असतात. कुणीतरी ओळखीचं भेटल्यासारखं वाटतं.

ओवीचं तू पेपरात वाचलंच असशील. ‘पंधरा वर्षांची स्केटर उत्तेजक चाचणीत दोषी.’ उत्तेजक कसलं गं, लघवीची गोळी ती, माझीच, तू लिहून दिलेली. त्यांच्या नियमात तीही बंद आहे, कारण तिने वजन उतरतं आणि दुसरं काही घेतलं असेल तर धुऊन निघतं. हे मला आता या वयात कळलं.

इथे सगळ्यांना सगळं कळलं आहे. परवा लिफ्टमध्ये इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या एक बाई भेटल्या. गणपतीत ओवीच्या सत्कारासाठी शाल आणायला हौसेने धावल्या होत्या, त्याच. म्हणाल्या, “सुनेत्राताई, मुलीला जपा हं. आजकाल पालकांचीच भूक मोठी.” मी म्हटलं, “तुमचा मजला आला.” आला नव्हता. पण त्या उतरल्या.

तुला आठवतं, पहिल्यांदा तिला मॉलमधल्या बर्फावर उभी केली तेव्हाचा फोटो मी पाठवला होता? सहा वर्षांची. बाहेर पंचेचाळीस डिग्री आणि आत मी कानटोपी घालून बसलेली. ती पडायची आणि हसायची. उठायची ती मागच्या बाजूला बर्फ चिकटलेला घेऊन. नीलेश कठड्याला रेलून ओरडायचा, “यल्ला ओवी, यल्ला! चल, चल!” माझा मुलगा इतका आनंदी मी त्याआधी कधी पाहिला नव्हता. हे मी त्याच्या बाजूने सांगते आहे, लक्षात ठेव.

मग पहाटेचे सराव सुरू झाले, परदेशी कोच आल्या, आणि बर्फाच्या दाराशी वजनकाटा आला. दर सोमवारी सकाळी मुली रांगेत उभ्या राहतात आणि कोच आकडा मोठ्याने वाचतात. वर्षभरात पोरगी चार बोटं उंच झाली, तर तिला म्हणाल्या, उंची तुझी अडचण नाही, वजन आहे. भात गेला, मग पोळी गेली. माझ्या हातचं थालीपीठ ती नुसतं हुंगायची आणि म्हणायची, “स्मेल्स अमेझिंग, आजी,” आणि पाण्याची बाटली घेऊन निघून जायची.

आता फेब्रुवारीतला तो दिवस. दुबईत स्पर्धा होती. खाली गाडी लागलेली, तिची आई, वैभवी, दारातून हाका मारत होती. मी नेहमीसारखी चांदीच्या वाटीत दही-साखर घेऊन उभी राहिले. आपल्याकडे परीक्षेला जाताना द्यायचे तशी मी तिला प्रत्येक स्पर्धेला देत आले आहे. ओवीने ओठ घट्ट मिटले. “आजी, नो. आज कोच वेट घेणारेत.” मग माझं तोंड उतरलेलं पाहून तिने वाटीत करंगळी बुडवली, कपाळाला लावली, आणि पळाली. वाटीतलं दही मी सिंकपाशी उभ्याने खाल्लं. कुंदा, हे नीट वाच. तिने ते खाल्लं नाही.

त्या दिवशी तिसरी आली. शेवटच्या गिरकीनंतर पोटऱ्यांत गोळे आले, तिला दोघींनी धरून बर्फाबाहेर आणलं. लोक टाळ्या वाजवत होते. मीही वाजवल्या. त्यानंतर लघवीचा नमुना घेतला आणि महिन्याने निकाल आला.

येत्या गुरुवारी समितीसमोर सुनावणी आहे, कॉम्प्युटरवरच. नीलेशने वकील केला आहे. काल ते घरी आले, जेवणाच्या टेबलाशी बसले. हुशार माणूस. म्हणाले, “आंटी, केस बहुत सिंपल है. आप अपनी गोली पीसकर दही में लेती हैं. उसी चम्मच से बच्ची को दही-शक्कर दे दिया. गलती हो गई. खलास.” मी नीलेशकडे पाहिलं. तो टेबलक्लॉथची सुरकुती सपाट करत होता.

“आई, तू फक्त वाटी दाखवायचीस. त्यांना आपली पद्धत समजावून सांगायची.”

“मी गोळी कुटून घेत नाही, नीलेश.”

“त्यांना कुठे माहिती आहे?”

वकील म्हणाले, “और आंटी, उस दिन थोड़ी ट्रेडिशनल साड़ी पहनिए. दादी लगनी चाहिए.” मी रोज काय त्यांच्या मावशीसारखी दिसते? वैभवीला हसू आलं आणि हसता हसता ती रडायला लागली, उठून आत गेली. नीलेश म्हणाला, “आई, तुला कोणी काही करणार नाही. पण बंदी आली तर तिची दोन वर्षं जातील. दोन वर्षांनी तिचं शरीर बाईचं होईल. मग संपलंच.”

आपल्या मुलीचं शरीर बाईचं होणार, हे एखाद्या आजारासारखं सांगत होता गं. माझा नीलेश. ज्याला मी शाळेच्या गॅदरिंगला फेटा बांधून द्यायचे.

मी म्हटलं, “ही गोळी तिच्या पोटात गेली कशी?” वकील म्हणाले, “आंटी, वो मत पूछिए.”

ते गेल्यावर ओवी माझ्या खोलीत आली. अंबाडा सोडून घ्यायला येते, तशी पाठ करून बसली. मी एकेक पिन काढत होते. म्हणाली, “आजी, यू नो आय डिडन्ट ईट इट. राइट?”

“माहीत आहे.”

“बाबा अर्धी द्यायचा. वेटच्या आदल्या दिवशी. तुझ्या डब्यातली. ही सेड इट्स जस्ट वॉटर, आजी. नॉट ड्रग्ज.”

माझा हात केसांतच राहिला. तुला खरं सांगू, मला हे माहीत होतं. डबा हलका लागत होता. मी स्वतःला समजावत होते की वय झालं, विसरायला होतं. माणूस सोयीचं म्हातारपण घेतं.

मग ती वळली आणि माझा हात धरून स्वतःच्या छातीवर ठेवला. “समथिंग जम्प्स हिअर. फील इट.” कुंदा, माझ्या तळव्याखाली मासा तडफडावा तसं झालं. थांबलं. परत झालं. तू मला ही गोळी देताना काय बजावलं होतंस ते आठवलं. रोज केळं खा, नाहीतर हृदय मधेच ठोका चुकवील. मी विचारलं, “अजून घेतेस?” ती खाली बघत होती. म्हणाली, “बाबा नाही देत आता. ही गॉट स्केअर्ड. आय टेक इट मायसेल्फ.”

नीलेश घाबरून थांबला, आणि ती शिकली.

आज सकाळी वैभवीला फक्त “फिरायला नेते” म्हणून मी तिला खालच्या क्लिनिकमध्ये नेलं. डॉक्टरीणबाईंनी रक्त घेतलं आणि ईसीजीची पट्टी काढली. पोटॅशियम इतकं खाली आहे की त्यांनी मला आधी बसवलं, मग सांगितलं. औषध सुरू केलं आहे, बर्फावर जायला मनाई केली आहे. रिपोर्टचा फोटो तुला पाठवते, मला उलट सांग. गोळ्यांचा डबा आता माझ्या पर्समध्ये असतो आणि पर्स उशाखाली.

तर आता जे सांगण्यासाठी हे सगळं लिहिलं ते. नीलेश तुला फोन करील. डॉक्टर म्हणून तुझ्याकडून लेखी मागेल की सुनेत्राला गोळी कुटून दह्यातून घ्यायला मीच सांगितलं होतं. तू त्याला कडेवर घेतलं आहेस, तो ‘कुंदामावशी’ म्हणेल आणि त्याचा आवाज फुटेल. देऊ नकोस. तुला आठवतं, हॉस्टेलमध्ये सिस्टर बेनेडिक्टा रविवारी हिवतापाची गोळी द्यायच्या आणि तोंड उघडून बघायच्या? तू जिभेखाली लपवून कर्दळीच्या वाफ्यात थुंकायचीस. मी पाण्याशिवाय गिळायचे. सिस्टर म्हणायच्या, “लुक अॅट सुनेत्रा, स्वॅलोज लाइक अ काउ.” सगळा वर्ग आठवडाभर मला हंबरून दाखवायचा. मी गोळी कधी कुटली नाही हे सांगणारी तूच एक उरली आहेस.

गुरुवारी मी वाटी दाखवणार आहे. आणि सांगणार आहे की तिने ती कपाळाला लावली, तोंडाला नाही. मग ते विचारतील आणि मी उत्तर देईन. समिती तिला माफ करील तर ती सोमवारी परत त्या काट्यावर उभी राहील. पुढची स्पर्धा ऑगस्टमध्ये आहे. त्या छातीने.

मी तिला काल रात्रीच सांगितलं आहे. लपवून करणार नाही. ती म्हणाली, “इफ यू से इट, आय विल नेव्हर टॉक टू यू.” पंधराव्या वर्षी ‘नेव्हर’ खरं असतं. मी तिच्या राहिलेल्या पिना काढल्या. नीलेशला अजून सांगितलेलं नाही, बुधवारी सांगीन. माझा व्हिसा त्याच्या नावावर आहे, तेव्हा तुझ्याकडची मागची खोली झाडून ठेव. कदाचित लागणार नाही. कदाचित लागेल.

दुपारी तिच्या टेबलावर केळं सोलून ठेवलं होतं. माझ्याशी बोलत नाही. पण अर्धं खाल्लेलं दिसलं.

गुडघ्याला शेक घे.

तुझीच,
गोळी अख्खी गिळणारी,
सुनेत्रा