मान धरली की गाडी घ्यायची

२ नोव्हेंबर, रविवार
८ किमी. छत्री तलावापर्यंत आणि परत, एकटाच. घरी आलो, यशूला घेतलं, मग प्रणाली गेली. तिचे ५. आमचं आता दोन वॉचमनसारखं झालंय. पाळी बदलली की फाटकात भेट. आमची ओळखच मैदानावर पळता पळता झाली, आणि जूनमध्ये यशू झाल्यापासून एकदाही सोबत पळलो नाही. आज ठरवलं. यशूसाठी पळायची गाडी घ्यायची. मोबाइलवर पाहिली. पुढे एक चाक, मागे दोन मोठी, आईबाप मागून पळताहेत आणि लेकरू मजेत हवा खातंय. प्र.ला दाखवली.
"पाच महिन्याची हाये ते," ती म्हणाली. "मान तं धरू दे आधी तिले."
बरोबर आहे. मान धरली की घ्यायची. तोवर निवड करून ठेवतो.

५ नोव्हें.
मधल्या सुट्टीत वाचत बसलो. मुलांच्या वह्या तशाच राहिल्या. पळताना पुढचं चाक सरळ लॉक झालं पाहिजे, नाहीतर खडा लागला की गाडी गर्रकन फिरते. टायर हवेचे. हाताचा ब्रेक. उतारावर गाडी सुटू नये म्हणून मनगटाला पट्टा. दांडी खालीवर करता आली पाहिजे, कारण मी सहा फूट आणि बाईसाहेब पाच-दोन. बेल्ट पाच ठिकाणी. आणि प्रत्येक ठिकाणी ठळक अक्षरात एकच ओळ: बाळ स्वतःची मान पक्की धरेपर्यंत पळू नका. सहा ते आठ महिने लिहिलंय. म्हणजे ऐन थंडीत. थंडीत पळायला तशीही मजा येते.

९ नोव्हें., रवि.
राजकमल चौकाकडे पाळण्या-खेळण्यांच्या एका दुकानात गेलो. तिघंही.
"बाबागाडी हाये ना, घ्या की."
"पळायची पाहिजे."
"पळाची म्हंजे?"
"लेकरू बसवायचं आणि आपण मागून पळायचं."
दुकानदारानं मला खालून वरपर्यंत पाहिलं. "काहून? कोनी मांगं लागलं का तुमच्या?"
अख्खं दुकान हसलं, मीही हसलो. प्र. हसली नाही. काउंटरजवळ एका बाईच्या कडेवर बाळ होतं. चार महिन्याचं, बाई सांगत होती. ते मान वळवून वळवून पंख्याकडे, लाइटकडे, आमच्याकडे पाहत होतं. प्र. त्याच्याकडेच पाहत राहिली.

१२ नोव्हें.
आईला गाडीचा फोटो दाखवला. आई बाळंतपणासाठी मूर्तिजापूरकडच्या गावाहून आली ती इथेच आहे, यशूची मालिश तिच्याकडे.
"लेकराले असं पळवत असते का बापा? आतडे हालतीन तिचे."
"मान धरल्यावर म्हणतो मी."
"धरन ना. तू बी उशिराच धरली होती. साडेपाच महिन्यानं."
बरं वाटलं. रात्री नीट झोप लागली, बऱ्याच दिवसांनी.

१६ नोव्हें., रवि.
आमच्या सकाळच्या ग्रुपमधले पराग दादा बँकेत आहेत. त्यांच्याकडे अशी गाडी निघाली! बहिणीनं पुण्याहून आणलेली, तिचा मुलगा आता सातवीत. नारिंगी, तीन चाकी, माळ्यावर धूळ खात पडली होती. "चालवून पाय, पटली तं तशीच घे," म्हणाले. पुढचं चाक पंक्चर. सायकलवाल्यानं ट्यूब बसवली आणि विचारलं, "सायकल कुठी हाये हिची?"
व्हरांड्यात उभी केली आहे. छान दिसते.

२३ नोव्हें., रवि.
आज चाचणी. यशूला बसवायचं नाही, हे ठरलेलंच; ती तासभर आईजवळ. अंगणवाडीच्या काट्यावर तिचं वजन साडेसहा किलो भरलं होतं. तेवढीच तुरीची डाळ मोजली, आईनं गावाहून आणलेल्यातली. पिशवीचं तोंड शिवलं, गाडीत बसवली, पाची बेल्ट लावले. छत्री तलावाच्या रस्त्यावर आम्ही दोघं आणि पुढे डाळ. एक ओळखीचे काका थांबून म्हणाले, "लेकरू झोपलं वाटते?" प्र. म्हणाली, "डाय हाये काका." काका विचारात पडले. किती दिवसांनी हसलो आम्ही सोबत.
पहिल्या स्पीडब्रेकरवर पिशवी उजवीकडे कलंडली. सरळ केली. पुढे पुन्हा. तिसऱ्यांदा कमरेचे दोन्ही नॅपकिन गुंडाळून दोन बाजूंना खोचले, मग राहिली. प्र. थांबून पाहत होती.
"असीच पडते," ती म्हणाली.
"कोण?"
"पिशवी."
यशूला मांडीत बसवलं की तीही अशीच उजवीकडे कलंडते. मानेसकट. मी हे आज पहिल्यांदा लिहितोय. दिसत मात्र बरेच दिवस होतं.

२९ नोव्हें.
शनिवारची सकाळची शाळा, लवकर आलो. प्र.नं यशूला पलंगावर बसवलं होतं. दोन बाजूंना गुंडाळलेले टॉवेल, मागे उशी, आणि ती फोटो काढत होती. अकोल्याला तिच्या आईला पाठवायला. सासूबाई रोज विचारतात, बसते का, पाहते का, फोटो पाठव. मी आलो तसं तिनं घाईघाईनं टॉवेल काढले. यशू पडली, मी धरली.
आणि मी काय बोलावं? "काही गाड्यांना बाजूला गाद्या असतात, त्या घेऊ."
"त्या गाडीचं नाव नको काढू आता."
"तुलेच पळाचं नाई, म्हण."
असं बोलायला नको होतं. तिची मॅरेथॉनची सुटलेली तयारी, तिचं शरीर, सगळं माहीत असून बोललो. बाहेर जाऊन १२ किमी पळालो. पाय दुखले, बाकी काही झालं नाही.

६ डिसें.
आई यशूला घेऊन विहारात गेली. वंदना झाली, मेणबत्त्या लावल्या. बायका गोळा झाल्या. "मान नाई धरली का वो आजून?"
आई म्हणाली, "आमच्या सिद्धूनं साडेसहा महिन्यानं धरली होती."
मी मागेच उभा होतो. गेल्या महिन्यात साडेपाच होतं.

१० डिसें.
डॉक्टरबाईंकडे. त्यांनी यशूचे दोन्ही हात धरून तिला हळूच उठवलं. बाकी अंग वर आलं, डोकं मागेच राहिलं. पुन्हा उठवलं. पुन्हा तसंच. मग जन्माच्या वेळचं विचारलं. उशिरा रडली, सहा दिवस काचेच्या पेटीत होती, मी भराभर सांगत गेलो, वर्गात हजेरी घेतो तसा. अकोल्याच्या तज्ज्ञांकडे जा म्हणाल्या, चिठ्ठी लिहायला घेतली.
मी विचारलं, "मॅडम, पळायची गाडी असते बाळांची, ती कोणत्या महिन्यापासून चालेल?"
त्यांनी पेन खाली ठेवलं. "ते आपण नंतर पाहू."
खाली स्कूटीजवळ आल्यावर मला माझीच लाज वाटली. प्र. म्हणाली, "तू गाडीचं इचारलं."
"हो."
"मी बी इचारनारच होती."

२० डिसें., अकोला
बडनेऱ्याहून रेल्वे. मूर्तिजापूरला प्र.ला चहा आणून दिला, तो तिच्या हातातच गार झाला. मेंदूचा फोटो आधीच काढून आणला होता. डॉक्टरांनी तो उजेडाला लावला. जन्मताना प्राणवायू कमी पडला, म्हणाले. मेंदूच्या काही भागाला इजा आहे, स्नायू ढिले आहेत, रोज व्यायाम करावा लागेल.
"मान धरेल ना?"
"सांगता येत नाही. काही मुलं उशिरा धरतात, काही नाही धरत."
मी पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं, शब्दही तेच. माझ्याकडे वर्गात असा एक मुलगा आहे, उत्तर मिळालं तरी तोच प्रश्न विचारतो. त्याच्यावर मी फार चिडतो. आता चिडणार नाही.
दुपारी सासूबाईंकडे. "जावईबापू, भाकर घ्या ना आजून." कोणी काही विचारलं नाही. माझ्या ताटात तीनदा भाजी वाढली. यशूला मांडीवर घेऊन बसल्या आणि त्यांचा हात आपोआप तिच्या मानेखाली गेला. आता सगळ्यांचेच हात असे झाले आहेत.

२१ डिसें.
अकोल्यातच, व्यायाम शिकवणाऱ्या बाईंकडे. यशूला पालथं झोपवायचं, छातीखाली टॉवेलची गुंडाळी, समोर खुळखुळा. डोकं उचलते का पाहायचं. दिवसातून सहा वेळा. दोघांनीही शिकून घेतलं. प्र.चे हात माझ्यापेक्षा चांगले चालतात.

४ जाने., रवि.
० किमी. पळायचं घड्याळ आता यशू डोकं किती वेळ उचलते ते मोजायला लावतो. सकाळी २ सेकंद. दुपारी २. संध्याकाळी १.
आई म्हणाली, "तुले सात महिने सरून गेले होते तवा धरली."

५ जाने.
२. १. २. ०. रडली. २.

८ जाने.
२. ३! प्र.ला हाक मारली. ती येईपर्यंत डोकं पडलं. पुन्हा केलं तर १. ती म्हणाली, तुझं बोट घड्याळावर उशिरा पडलं असन. भांडलो. मग मीही मान्य केलं, पडलं असेल.

११ जाने., रवि.
व्हरांड्यात गाडी रिकामी. दीड महिना डाळीची पिशवी तिच्यात बांधलेलीच होती. आईनं सकाळी उसवली.
"वरनाले डाय नोती."
मी ओरडलो आईवर. एवढ्या तेवढ्या डाळीसाठी! आईनं डाळ धुवून शिजत लावली. जेवायला बसलो, वरण पुढ्यात आलं, मी दोनदा घेतलं. जेवण झाल्यावर आईचे पाय दाबत बसलो. सॉरी म्हणायची आमच्याकडे पद्धत नाही.

१८ जाने., रवि.
अकोल्याच्या व्यायामाच्या बाईंना फोन केला. नारिंगी गाडीचे फोटो पाठवले होते, पाठ किती मागे जाते तेही मोजून. त्या सरळ नाही म्हणाल्या. त्यात तिला बसल्यासारखं राहावं लागेल, डोकं पुढे पडेल, श्वासाला त्रास. अगदी सपाट झोपता येईल अशी पाहा. "पळायचं मात्र नाही हं. हळू चालायला हरकत नाही."
प्र.ला सांगितलं. ती धुणं वाळत घालत होती. "चालू मंग," म्हणाली.
पळणाऱ्या माणसाला चालायला सांगितलं की त्याचं कसं होतं, ते मला माहीत आहे. तिचं तसं झालं असणार. तिनं दाखवलं नाही, आणि मी विचारलं नाही. आता वाटतं विचारायला हवं होतं.

२५ जाने., रवि.
पुन्हा तेच दुकान. दुकानदारानं ओळखलं. "पळाची पायजे होती ना तुमाले?"
"नाही. चालायची. झोपवता येणारी."
त्यानं यशूकडे पाहिलं. आता सात महिने उलटलेत, अंगानं भरली आहे, आणि डोकं प्र.च्या खांद्यावर टाकलेलं. या वेळी त्यानं थट्टा केली नाही. चार गाड्या काढून दिल्या. मी एकेक दुकानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एका हातानं ढकलून पाहिली. सगळ्या डावीकडे ओढतात.
"एका हातानं काहून ढकलून राहिले सर? दोन हात लावा, सरळ चालन."
प्र.नं सांगितलं, "दुसरा हात तिच्या मानेखाली लागते भाऊ."
त्यानं पाचवी काढली. मग गोदामातून सहावी. तीही वाकडी गेली. त्याचा नोकर म्हणाला चाकात तेल घालतो, घातलं, तरी वाकडी. "नागपूरहून मागवतो," दुकानदार म्हणाला. आम्ही हो म्हणालो आणि निघालो.
घरी येऊन व्हरांड्यातली नारिंगी ढकलून पाहिली. पुढचं चाक लॉक करून, एका बोटानं. सुतासारखी सरळ जाते. आणि तिच्यात यशूला झोपवता येत नाही.

२८ जाने.
पराग दादांना गाडी नेऊन दिली. पुसून, हवा भरून. "पटली नाई का?" म्हणाले. पटली होती, म्हटलं.

१ फेब्रु., रवि.
आज यशूला आठ महिने पूर्ण. घड्याळ: २, २, १.
सकाळी स्कूटीवर तलावापर्यंत गेलो, तिघंही. तिथून पायी. यशूला मी आडवी घेतली होती, उजवा पंजा मानेखाली. पहिल्यांदाच एवढ्या सकाळी बाहेर निघाली, डोळे मोठे करून आभाळाकडे पाहत होती. ते खरं, की तिला फक्त आभाळच दिसतं. ग्रुप मागून आला आणि पुढे गेला. सगळ्यांनी हात केला. प्र.ला म्हटलं, जा, एक चक्कर मारून ये त्यांच्यासोबत. तिनं बुटाची नाडी बांधली, वीसेक पावलं पळाली आणि परत आली. "तुह्या हाताले मुंग्या आल्या असतीन. आन इकडे," म्हणाली. आल्या होत्या. तिनं यशूला घेतलं, मानेखालचा हात बदलेपर्यंत आम्ही दोघं तिथेच उभे.
परतीच्या वाटेवर पराग दादा भेटले. "मंग, गाडी कोन्ती घेतली?"
"पाहून राहिलो," प्र. म्हणाली.
घरी आई तेल कोमट करून बसली होती. यशूला पायावर घेतलं, मान चोळू लागली. माझ्याकडे न पाहताच म्हणाली, "तू तं नवव्या महिन्यात धरली होती, सिद्धू. ध्यानात हाये ना?"
हो, म्हटलं, चांगलं ध्यानात आहे.